शनिवारी दाबलेली उघाडी

घरची सगळी माणसं इस्रायलला गेली, हन्नाबाई तेवढ्या पेणला राहिल्या, आणि त्याही एका मेलेल्या ताऱ्यापायी! हा तारा भोवऱ्यासारखा गरगरतो आणि क्वचित रेडिओलहरींचा राक्षसी ठोका देतो. तो धरायला बाईंनी शिवा नावाच्या आगऱ्याच्या मिठागरात तारांचं जाळं उभारलं होतं. यंत्राच्या दोन लेखण्या लहरी कागदावर उमटवत, वरची लेखणी वरच्या कंपनसंख्येच्या पट्टीतल्या, खालची खालच्या. रोह्याच्या कॉलेजात शिकवून उरलेला वेळ तिथेच जायचा. ठोका काही हाती लागत नव्हता. ‘या उन्हाळ्यात नाही मिळाला, तर सगळं आवरून येते,’ असं त्यांनी भावाला, जोनाथनला, कबूल करून टाकलं होतं.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात एक उपग्रह त्याच ताऱ्याचे क्ष-किरण मोजणार होता. ठोक्यासरशी तेही उसळतात का, हे पडताळायची सोन्यासारखी संधी. पण वार निघाला नेमका शनिवार! शनिवार म्हणजे यहुदी बाईंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी बाई यंत्राला शिवत नसत, दुसऱ्याला काम सांगतही नसत. म्हणून शिवाच्या बायकोला, हौसाला, त्यांनी शुक्रवारीच सगळं शिकवून ठेवलं.

शनिवारी दुपारी बाई चालत आल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. हायवेवर कुठल्याशा मोटारसायकलच्या इंजिनाची ठिणगी उडाली असावी; तिचा गोंगाटही तारांत शिरतो. दोन्ही लेखण्या एकदम उसळून कागदाबाहेर गेल्या. हौसानं झटक्यात बटण पिळून यंत्राचा जोर निम्म्यावर आणला.

“अगो, हे काय केलंस?”

“पानी बांधावरून उडाया लागलं बाय, उघाडी दाबली!”

भरती चढली की मिठागराचं पाण्याचं दार, म्हणजे उघाडी, असंच दाबतात. एवढ्याशा जोरावर इतक्या लांबून क्षीण होऊन येणारा ठोका दिसणार कसा? आणि ‘पुन्हा वाढव’ म्हणायची सोय नाही! त्या पदर चावत बसल्या.

तेवढ्यात वरची लेखणी एकटीच उसळली. शिखर अख्खं कागदावर उमटलं. हौसाचा हात परत बटणाकडे गेला.

“हात लावू नको गो!” बाई किंचाळल्या.

आकाशातून आलेल्या ठोक्याची खालच्या पट्टीतली लहर वरचीच्या मागाहून पोचते; ठिणगीच्या दोन्ही एकदमच येतात. काही सेकंदांनी खालची लेखणीही उसळली. आजवर जोर जास्त असल्यानं असली सगळी शिखरं कागदाबाहेर जाऊन कापली जात आणि बाई ती ठिणग्या म्हणून फेकून देत. त्यांना रडू फुटलं.

पुढे हाती आलेल्या उपग्रहाच्या नोंदीत मात्र त्या क्षणी क्ष-किरण जागचे हलले नव्हते. एका ठोक्यावरून काही ठरत नाही, आणखी हवेत.

“येत नाही रे,” त्यांनी जोनाथनला फोनवर सांगितलं. “आत्ता कुठे सुरुवात झालीय.”