वेल्सच्या डोंगराला गाऱ्हाणं

लेक तिथेच कायमची राहणार हे तिने फोनवर सांगितलं आणि त्यानंतर काही महिन्यांनी मी वेल्सला गेलो. सोसायटीतल्या लोकांना वाटलं, रिटायर झाला, मुलीकडे मजा करायला निघाला. माझ्या डोक्यात मात्र एकच काम होतं. ती ज्या मुलखात राहणार, त्या मुलखाच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालून तिला त्याच्या पदरात टाकून यायचं. बायको आदल्या वर्षी जाऊन आली होती. सासूबाई आमच्याकडे असतात, त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून आम्ही पाळीपाळीने जातो. "नीट जा, आणि तिला परत ये म्हणून डोकं खाऊ नकोस," एवढं बायकोने बजावलं. मी बोरिवली स्टेशनबाहेरच्या पूजेच्या सामानवाल्याकडून एक सुपारी घेतली आणि पँटच्या खिशात टाकली.

आम्ही मालवणकडचे. आमच्यात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहतो आणि जे काही मागायचं ते मोठ्याने सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकट्याने करायची गोष्ट नाही ती. आणि प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय तिथे बिऱ्हाड थाटायचं नाही, हा आमचा नियम.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून खोली घेतली. राहायला गेलो तेव्हा मी कॉलेजात होतो. टेम्पोतून कपाट उतरवायचं बाजूलाच राहिलं, अण्णा आधी भिंतीपाशी गेले, चपला काढल्या आणि जंगलाकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," अण्णा म्हणाले, "ह्या डोंगराचो जो कोण राखणदार असशीत, तुका सांगणा करतंय. आमी परगावची माणसा, तुझ्या पायाकडे ऱ्हवाक इलंव."

"व्हय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो.

"तुझो वाघ आमच्या दारात येतलो, आमची पोरा तुझ्या रानात जातली. दोगांकय सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"माझो झील आळशी असा, पण मनान वाईट नाय. तेका पदरात घे."

टेम्पोवाला खो खो हसला. मी खाली मान घालून "व्हय म्हाराजा" म्हणालो. स्वतःच्या आळशीपणाला असा भर रस्त्यात होकार देणारा मुलगा मी एकटाच असेन.

पुढे अण्णांनी माझ्यासाठी किती वेळा गाऱ्हाणं घातलं त्याची गणती नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा, स्कूटर घेतली तेव्हा, लग्नात, लेक झाली तेव्हा. प्रत्येक वेळी शब्द वेगळे. गाऱ्हाणं म्हणजे पाठ करायचा मंत्र नव्हे. अण्णा आधी जागा न्याहाळायचे, माणसं न्याहाळायचे, मग तोंड उघडायचे. "गाऱ्हाण्यात खोटा बोलूचा नसता," असं ते सांगायचे. "मनात एक आणि तोंडात एक चालणा नाय."

आणि मला म्हणायचे, "शिकान घे रे. मी काय तुका जन्माक पुरतलंय?"

"तुम्ही आहात ना," मी म्हणायचो. दर वेळी हेच. मला खरंच वाटायचं की ते आहेत.

कामधंदा सोडल्यावर अण्णा रोज पहाटे पार्कात फिरायला जायचे. माझी लेक शाळेत जायला लागली तशी तीही त्यांच्या मागे लागली. उजाडता उजाडता आजोबा आणि नात गेटमधून आत शिरायची आणि माझा डबा भरून व्हायच्या सुमारास चिखलाचे पाय घेऊन परत यायची. मला ते दोघं एकदाही म्हणाले नाहीत की तूही चल. म्हणाले असते तरी मी उठलो नसतो. अंथरुणातून मी फक्त दाराची कडी ऐकायचो आणि कूस बदलायचो.

मग लेक फिजिओथेरपी शिकली, पुढच्या शिक्षणासाठी वेल्समध्ये कार्डिफला गेली आणि त्याच वर्षी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण जीभ गेली. त्या गणपतीला आम्ही गावी गेलो. पूजा झाली, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलतभावाकडे पाहिलं. त्याने गाऱ्हाणं घातलं, बरं घातलं, आणि सगळ्यांबरोबर अण्णांनीही तोंड हलवलं. त्यांच्या तोंडून "व्हय म्हाराजा" मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही अर्धवट. पुढच्या गणपतीला ते नव्हते.

वेल्सला जायचं ठरलं तेव्हा मी मोबाईलमधला एक जुना व्हिडिओ शोधून काढला. अण्णा धडधाकट असतानाचा, गणपतीतला. म्हटलं, ऐकून ऐकून चाल तरी धरता येईल. लावला आणि कपाळाला हात मारला. फोन माझ्याच हातात होता, त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज माझाच. अण्णांचं नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं आणि त्यावर माझं दणदणीत "व्हय म्हाराजा". चांगला दहा वेळा ऐकला. अण्णांचं एक वाक्य धड कळलं नाही.

कार्डिफहून लेकीने मला गाडीत घातलं आणि ब्रेकन बीकन्सला नेलं. तो तिथला डोंगराळ नॅशनल पार्क. त्यांच्या भाषेत नाव वेगळं आहे, ते तिने मला तीनदा म्हणून दाखवलं आणि मी तीनदा विसरलो. रस्त्यावरच्या पाट्या सगळ्या आधी वेल्श आणि खाली इंग्रजी. वळणावर रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत आराफ असं रंगवलेलं, म्हणजे हळू चालवा. मला हे फार आवडलं. मालाडच्या दुकानदारांना इथे आणून उभं करायला पाहिजे, असं मी म्हणालो.

"बाबा, आता इथे मराठी पाट्यांवरून सुरू नको होऊस ना," ती म्हणाली.

नॅशनल पार्क म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गेट, तिकिटाची रांग, माकडं आणि गर्द झाडी येते. इथे गेट नाही, तिकीट नाही, आणि झाड औषधालाही सापडेना. नुसते गवताचे प्रचंड डोंगर, लाल माती, आणि जिकडे तिकडे मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-तांबडे रंगाचे ठिपके. पार्कच्या आत लोकांची घरं, शेतं. आमच्याकडे पार्कातल्या पाड्यांवर कायम टांगती तलवार असते, आणि इथे पार्कातच माणसं खुशाल मेंढ्या पाळून राहतात.

"हा पेन-अ-व्हॅन," तिने समोरचा सगळ्यात उंच डोंगर दाखवला. वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. "हळूहळू जाऊ. गुडघा दुखला की सांग, हिरोगिरी नको."

तिने मला आधीच बूट घेऊन ठेवले होते. पायथ्याला गाड्या लावायची जागा होती, कॉफीची व्हॅन होती, कुत्री घेऊन आलेली माणसं होती. गाऱ्हाणं घालायचं ते पायथ्याशीच, चढण्याआधी. मी खिशातून सुपारी काढली आणि एक बरासा दगड शोधू लागलो.

"बाबा, इथे काहीही ठेवायचं नाही हं," ती म्हणाली. "केळ्याचं सालसुद्धा परत न्यायचं असतं."

मी सुपारी मुठीत धरली. म्हटलं, हरकत नाही, शब्द तर घालता येतील. डोंगराकडे तोंड केलं, घसा खाकरला. मनात पहिलं वाक्य आलं ते असं: हिला परत पाठव. मी दचकलो. मी काय मागायला आलो होतो आणि काय मागायला निघालो होतो! दुसरं वाक्य जुळवायला गेलो, हिला इथे सुखात ठेव. ते जिभेपर्यंत आलं, पण ते खरं नव्हतं. मला ती इथे नको होती. मला ती बोरिवलीत, माझ्या समोर, चिखलाचे पाय घेऊन दारात उभी असलेली हवी होती. एवढ्यात एका बाईने हसून गुड मॉर्निंग केलं, तिचा कुत्रा माझे बूट हुंगून गेला, आणि राहिलंच. वर गेल्यावर घालू, असं मी ठरवलं. नंतर, नंतर करण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

वाट दगडांची, नीट बांधलेली, पण चढ सरळ छातीवर येणारा. ती पुढे जायची, थांबायची, मी पोचलो की पुन्हा निघायची. येणारे-जाणारे तिला ओळखत होते. रविवारी तिचा एक ग्रुप इथे येतो म्हणे. एका ओढ्यापाशी आम्ही बसलो. तिने थर्मासमधला चहा दिला.

"पहिल्या वर्षी खूप रडायचे रे मी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सांगितलं. मग इकडे यायला लागले. आजोबांबरोबर पार्कात जायचे ना, तसंच वाटायचं. आता काही झालं ना, की आधी इकडे येते मी. आमचा डोंगर आहे हा."

आमचा, म्हणाली. चहा गरम होता, मी तो उगाच फुंकत बसलो. मला अण्णांचा हेवा वाटला. मेलेल्या बापाचा हेवा करणं बरं नव्हे, पण वाटला. तिच्या लहानपणातल्या सगळ्या सकाळी त्यांच्याकडे होत्या. माझ्याकडे काय होतं, तर रविवारची दुपार आणि टीव्ही.

वर पोचलो तर धुकं. बघायला म्हणून आलेल्या माणसाला हात पसरला तर बोटं दिसावीत एवढंच. शिखरावर दगडांचा ढीग आणि त्यावर नाव लिहिलेली पाटी, आणि त्या पाटीजवळ फोटो काढायला चक्क रांग. एवढ्या वर येऊनही रांग चुकली नाही. आम्ही बाजूला, कड्यापासून जरा अलीकडे उभे राहिलो. वारा असा की कान दुखायला लागले.

"काहीतरी करायचंय ना तुला?" ती म्हणाली. "सकाळपासून खिशात हात आहे तुझा."

मी मूठ उघडून सुपारी दाखवली. "गाऱ्हाणं घालायचं होतं. तुझ्यासाठी. आता तू इथली झालीस, तर इथल्या राखणदाराला सांगायला हवं. पण मला येत नाही गं. अण्णा किती वेळा म्हणाले शिकून घे. मी कायम मागे उभा राहणारा."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिने माझ्या हातातली सुपारी घेतली, टोपी काढून बगलेत धरली आणि धुक्याकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "ह्या डोंगराचो जो कोण राखणदार असशीत, तुझा नाव माका ठावक नाय."

मी बघतच राहिलो. तीच मालवणी, तोच हेल, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तसाच किंचित खाली येणारा आवाज. घरात ती आमच्याशी कधी मालवणी बोलली नव्हती. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, निदान मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, म्हण ना," ती न वळता म्हणाली.

"व्हय म्हाराजा."

"मी बोरिवलीचा चेडू. तुझ्या पायाकडे ऱ्हवतंय. रडत इलंय तेवा तू माका पडाक दिलंस नाय."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो माझो बापूस. आळशी असा, पण मनान वाईट नाय. गुडघो दुखता तरी वर इलो. तेका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. बोरिवलीच्या पार्कात रोज पहाटे फिरताना अण्णांनी तिला हे शिकवलं होतं. परीक्षेच्या दिवशी तिथल्या ओढ्यापाशी गाऱ्हाणं तिच्याकडूनच म्हणून घ्यायचे, असं तिने नंतर उतरताना सांगितलं. तू कधी विचारलंच नाहीस, असंही म्हणाली, आणि त्यात राग नव्हता. मी झोपलेलो असताना, भिंतीपलीकडे, माझ्या वाटचं सगळं त्यांनी तिला देऊन टाकलं होतं.

पण ते नंतरचं. त्या क्षणी ती थांबली होती, अण्णा थांबायचे तशी, शेवटचं वाक्य सांगण्याआधी.

"आणि मी आता परत जावचंय नाय, म्हाराजा," ती म्हणाली. "हयच ऱ्हवतलंय. माका तुझ्या पोरांत घे."

वारा वाहत होता. मागे रांगेतली माणसं एकमेकांचे फोटो काढत होती, हसत होती. ती तशीच हात जोडून उभी होती, जोडलेल्या हातांत बोरिवलीची सुपारी, आणि मागून उत्तर येण्याची वाट पाहत होती. उत्तराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मनात एक, तोंडात एक चालत नाही, हेही मला माहीत होतं, म्हणून मला वेळ लागला. फार वेळ लागला. शेवटी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, गावच्या गणपतीपुढे अण्णांनी पाहिलं होतं तसंच.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. तेवढंच मला येत होतं.