विहीणबाईंशी पहिलं बोलणं

लेक मेक्सिकोत दिली तेव्हा अख्खं कोल्हार मला म्हणत होतं, "येवढ्या लांब लेक देतंय व्हय कुनी?" विहीणबाईंना मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. आमच्या दोघींमध्ये बोलायला लेकच. शेवटी मीच तिला फोनवर म्हटलं, एक वाक्य तरी शिकव.

"कोणतं?"

"जेवली का. दुसरं मी काय विचारणार!"

तेवढ्यासाठी केवढा कुटाणा! 'कोमो' म्हणजे मी खाते, जोर 'को'वर. 'कोम्यो' म्हणजे तिनं खाल्लं. बोलताना तुकडे दोनच, जोर 'म्यो'वर. 'कोमीआ' म्हणजे ती पूर्वी खायची. तुकडे तीन, जोर मधल्या 'मी'वर. मी चिडलेच. आपण कुठं अक्षरं अशी तोलून बोलतो? मी हटकून को-मी-ओ असे तीन तुकडे पाडायचे आणि लेक हसून बेजार व्हायची. मग भाकरी थापताना घोकायला लागले: 'को' हलक्या हातानं, 'म्यो' जोरात. भाकरी फाटली तर फाटली. एक दिवस जमलं, आणि अंगावर काटाच आला. जोर जरासा सरकला की बोलणारीचं खाणं दुसरीचं होतं, आजचं कालचं होतं. एवढ्याशा जागेत एवढं मावतं, बाई! कुणी रचलं असेल हे?

मग लेकीचं बाळंतपण ऑपरेशननं झालं. बाळ ठणठणीत, पण लेकीच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. जावई नुसते बाळाचे फोटो पाठवायचे, लेकीचा आवाज नाही. एका सकाळी मला राहवेना, सरळ विहीणबाईंनाच व्हिडिओ कॉल लावला. मागं दवाखान्याची भिंत, पुढं त्यांचा दमलेला चेहरा. माझ्या तोंडून चुकून 'कोमीआ', म्हणजे 'खायची', असं निघालं तर? तसं आपण गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. जीव मुठीत धरून लेकीचं नाव घेतलं आणि विचारलं, "कोम्यो?"

त्यांचे डोळे विस्फारले. "सी! सी, कोम्यो!" हो, हो, जेवली! त्यांनी फोन फिरवला. लेक उशीला टेकून बसलेली, हातात सूपची वाटी. मला रडूच फुटलं.

फोन परत त्यांच्याकडं गेला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "इ उस्तेद? या कोम्यो?"

आणि तुम्ही? तुम्ही जेवलात का?

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं. मग मी भाकरी घेऊन समोर बसले, पहिला घास तोंडात घातला, तोवर त्या बाईनं फोन ठेवला नाही.