आज मरळ

डोमा खिडकीशी यायच्या आधी मासळीचा वास यायचा. पहाटे गावच्या तलावात जाळं टाकून तो पहिल्या बसने चंद्रपूरला आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात पोचायचा. कंडक्टर नाक मुरडून त्याला मागच्या सीटवर पिटाळायचा. डोमा म्हणायचा, "मासोळीचा वास आहे, नशेचा नाई. येऊ दे."

ब्राऊन शुगरपायी त्याची ट्रकवरची नोकरी गेली, मग बायको सुनंदा माहेरी, जिवती गावाला निघून गेली. आता तलफ थोपवणारं मेथाडोनचं पातळ औषध मी त्याला द्यायची. ते रोज नर्ससमोरच प्यायचं आणि मग बोलून दाखवायचं, म्हणजे कुणी गालात धरून बाहेर नेऊन विकत नाही. बाकीचे आपलं नाव सांगत. डोमा मासळी सांगायचा. "आज मरळ, बाई." "आज झिंगेच." जाळं रिकामं निघालं तर, "आज पाणीच पाणी." त्याच्या भरवशावर मी नवऱ्याला मासळीबाजारात पाठवत असे.

एकदा त्याचे सासरे तणतणत आले. "एक नशा सोडली न् दुसरी धरली यानं. हे बंद कर, मंग पोरगी धाडतो."

मी समजवायला तोंड उघडलं. डोमाने हातानेच मला थांबवलं. "मामाजी, तलाव फुटला नाई, म्हून पाणी अडवनारी पाळ खोदून टाकाची काय?"

"मंग पोरीची वाट पाहू नको," म्हणून ते चालते झाले.

डोमाने औषधाचा कप उचलला, रिकामा केला. "आज शिंगी," म्हणाला. शिंगीचा काटा लागला की दिवसभर ठणकतो. मला त्याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

त्यानंतर गावातलेही टोचायचे, हे औषध कधी सोडतो म्हणून. "डाक्टर म्हणतीन तवा कमी करीन," तो म्हणायचा, "लोकाइच्या तोंडाले पाहून नाई." आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी हजर.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्याच्यामागे एक बाई पिशवी घेऊन उभी होती. डोमा औषध प्यायला आणि गप्पच राहिला. बाईने वाकून रिकामा कप नीट पाहिला.

"बोल डोमा," मी म्हटलं, "नियम आहे."

"बोला ना," ती म्हणाली, "बाई थांबून राह्यल्या. बाबा काई बी म्हणोत, उद्या बी याचं आहे इथी."

डोमाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"आज," तो म्हणाला, "सुनंदा."