शेवटच्या काळातलं पाणी

भिकुबाईला शेवटच्या काळाची भारी घाई झाली होती. त्या काळाबद्दल बायबलात जे जे लिहिलंय, दुष्काळ, लढाया, धरणीकंप, ते ऐकताना इतर लोक कानांवर हात ठेवायचे. हिच्या जिवाला गारवा वाटायचा. कारण त्या काळात तिच्या जेठाचा, म्हणजे थोरल्या दिराचा, भटूनानाचा निकाल लागणार होता.

दहा वर्षांपूर्वी तिचा नवरा अभिमन मिशनच्या दवाखान्यातून बरा होऊन दोंडाईच्याजवळच्या आपल्या गावी आला. दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि चार वर्षांच्या लेकीचं, सोनीचं, नाव रूथ ठेवलं. त्याच दिवशी भटूनानाने सामायिक विहिरीवरचा दोर आणि बादली उचलून घरात नेली. विहीर बाटते म्हणे. रूथ नाल्याचं पाणी पिऊन हगवणीने गेली. अभिमनने हाय खाल्ली, तोही दोन वर्षांत गेला. भिकुबाई गावाच्या टोकाला चर्चच्या आवारात राहायला आली, झाडलोट करू लागली, वाचायला शिकली आणि वाट बघत बसली.

जेठाला तिने तोंडावर एक शब्द कधी सुनावला नव्हता. भावजय जेठाशी बोलत नाही, पदर ओढून बाजूला होते. धर्म बदलला तरी हे काही सुटलं नव्हतं. शेवटच्या काळात कसला जेठ आणि कसला पदर, असं ती मनाशी म्हणायची. तेव्हा सगळं बोलणार होती.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. उन्हाळ्याच्या तोंडाशी गावातल्या विहिरी आटल्या. चर्चच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं आणि तिच्यावरच्या जाळीची किल्ली होती भिकुबाईच्या कमरेला. तिने चर्चचे पाळक मोतीलाल यांना विचारलं, "आते शेवटला काळ लागना ना?"

"तो केव्हाच लागलाय, बाई," मोतीलाल म्हणाले. "येशू आला तेव्हापासून आपण शेवटच्या काळातच आहोत. न्यायाचा दिवस वेगळा, तो देवाला ठाऊक. तोवरचा हा काळ माणसांना वळायला दिलाय. आणि या काळातली वाईट माणसं कोण, तेही प्रेषित पौलाने यादी देऊन सांगितलंय. माया नसलेले त्यात आहेत, तसे समेट न करणारेही आहेत."

ज्या यादीत तिने दहा वर्षं जेठाला बघितलं होतं, तिच्यात पाळकाने तिलाही नेऊन बसवलं. तिला पाळकाचा भयंकर राग आला. पण त्या सगळ्यातून आपल्यापुरतं तिने बरोबर उचललं. शेवटचा काळ चालूच असेल तर थांबायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी भटूनाना हंडा घेऊन आला. ओठ फुटलेले. तिच्याकडे न बघता हवेत बोलला, "एक हंडा पानी जोयजे."

भिकुबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. "नाना, मनी पोरनं नाव काय व्हतं?"

म्हातारा हबकला. मग म्हणाला, "सोनी."

"सोनीनं पानी तुम्हीन तोडं नही. तोडं ते रूथनं. रूथ म्हना, मंग भरा."

रिकामा हंडा त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याने तसंच जावं, तडफडावं, असंच तिला वाटत होतं. खोटं कशाला बोला. शेवटी तो पुटपुटला, "रूथ." तिने कुलूप काढलं.

"सकाय बी या. सकाय बी नाव लेनं पडी."

मोतीलालांच्या कानावर हे गेलं. "ही क्षमा नाही, भिकुबाई," ते म्हणाले.

"पानी तं देस ना मी," ती म्हणाली.

उन्हाळाभर भटूनाना रोज आला आणि खाली मान घालून रोज ते नाव घेऊन गेला. भिकुबाई समोर उभी राहून ऐकायची. एकदाही तिने सूट दिली नाही.

पुढच्या आषाढात गावच्या विहिरी भरल्या. भटूनाना त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भिकुबाई किल्ली हातात घेऊन संध्याकाळपर्यंत विहिरीपाशी बसून होती. अभिमन गेल्यापासून रूथचं नाव घेणारं त्या गावात दुसरं कुणीच नव्हतं.