सात डोळ्यांची काडी

देशाला नेता ठाऊक होता तो सभेत गरजणारा. कलम्याला ठाऊक होता तो चिखलात बसकण मारून झाडाशी भांडणारा. डिंक्या रोग लागला की संत्र्याच्या सालीतून डिंक गळतो, बागच्या बाग वाळते. न वाळणारं झाड मिळावं म्हणून हा भला माणूस वीस वर्षं बिया पेरत होता. लोक हसायचे, "मंत्र्यांना नाचवतो अन् झाडापुढे हात टेकतो!" शेवटी हजारांत एक झाड तगलं. एकच. त्याच्या फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, सालीसकट काढून दुसऱ्या रोपांवर बांधायचं काम कलम्याचं.

बांधणी सुरू व्हायची त्याच आठवड्यात राजधानीत नेत्याला गोळ्या घातल्या आणि भरदुपारी त्याच्या वैऱ्यांचा जमाव बागेत घुसला. पुढे कुऱ्हाड घेऊन कोण? कलम्याचा साडू! परवाच याच्या ताटात जेवून गेलेला मेला. "त्याचं नावनिशाण ठेवू नका!"

कलम्यानं त्या झाडाची वीतभर काडी कापली, सात डोळ्यांची, आणि सदऱ्याखाली पोटाशी खोचली. ती गेली की वीस वर्षं मातीत. तेवढ्यात धरलाच.

"मूळ झाड कुठलं? बोल!"

 काठ्या पडल्या, बरगडी कडाडली. काडी दबू नये म्हणून अंगाचं मुटकुळं करून कलम्या सगळा मार पाठीवर घेत राहिला. साडूनं त्याचा उजवा हात दगडावर दाबला आणि उलट्या कुऱ्हाडीनं बोटं ठेचली, एकेक करून. कलम्या गुरासारखा ओरडला, पण झाड दाखवलं नाही. मग त्यांनी सगळीच तोडली.

घरी बायकोनं रक्तानं चिकटलेला सदरा सोलून काढला. "अहो, काडीसाठी जीव गेला असता की!"

"डोळे मोज आधी," तो कण्हला. चार शाबूत होते. तो सांगत गेला, ती परसातल्या रोपांवर बांधत गेली. दोन जगले.

तीन वर्षांनी साडू दारात उभा. त्याच्या बागेला डिंक्या लागला होता. "एक काडी दे रे. पोरं उपाशी मरतील."

बायकोनं कोयता उचलला. "आधी यांची बोटं आणा, भाऊजी!"

कलम्याच्याही डोक्यात रक्त चढलं होतं. पण पोरांनी काय केलं होतं? त्यानं डाव्या हातानं जगलेल्या झाडाची काडी कापून घेतली आणि कलमाचा चाकू साडूच्या पायाशी टाकला. "कुठल्या हातानं ठेचलीस?"

"उजव्या."

"त्याच हातानं धर. माझी बोटं मिटत नाहीत."

साडूनं चाकू उचलून सालीत घातला. पहिला डोळा फाटला.

"फाडलास. दुसरा काढ," कलम्या म्हणाला. "आणि हिच्या हातातला कोयता बघू नकोस, साल बघ."