उडीचं बटण आणि पाचवा 'का'

आधीच सांगून ठेवतो, मी क्वालिटीतला माणूस. चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं पार्ट तपासतोय. गेजमध्ये बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट... भुताखेतांसाठी तिसरा कप्पा आमच्याकडे नाही. आमच्या लाइनवर एकाने मशीनला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली होती. ती मी स्वतः काढली आणि सेन्सर बदलला. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसलो असतो.

आम्ही चिखलीत राहतो — मी, बायको वैशाली आणि बाबा. बाबा लातूरकडचे, सगळी नोकरी भोसरीत, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये झाली. मी सातवीत असताना त्यांचा उजवा अंगठा प्रेसमध्ये गेला. आई गेल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं, आणि यंदा त्यांनी एकदम जाहीर केलं, "मी गावाकडं जाऊन राहतो. हितं माझं काय काम हाय?" महिन्याभरानंतरच्या शनिवारचं बसचं तिकीटही माझ्याकडूनच काढून घेतलं. गावात घर बंद, बघायला कोणी नाही. ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं, पण बापाला हे सांगायचं कसं ते कळत नव्हतं. म्हणून मी काय केलं... स्वतःसाठी ऑनलाइन खेळणं मागवलं.

खेळणं म्हणजे हँडहेल्ड. तळहाताएवढा डबा, त्यात लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो ते सगळे गेम. तो टीव्ही गेम बाबांनीच आणला होता. गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीला, आम्ही दोघं खेळायचो. अपघातानंतर मी एकटाच खेळायला लागलो. या नव्या डब्यात बटणं रिमॅप करता येतात, म्हणजे उडीचं बटण कुठलं आणि गोळीचं कुठलं हे मेनूत जाऊन आपण ठरवायचं. मी दोन्ही उजव्या अंगठ्याखाली लावली आणि सेव्ह केलं.

पहिल्या गुरुवारी दुपारी गेम लावला, तर आमचा गडी उडीच मारेना. थेट खड्ड्यात. मेनू उघडून बघतो तर उडी गेलीय वरच्या उजव्या कडेला, जिथे तर्जनी पोचते, आणि गोळी वरच्या डाव्या कडेला. मी परत नीट लावली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

"वैशाली, तू हात लावलास का याला?"

"मला घरातली बटणं पुरेत. मिक्सरचं तीन महिने तुटलंय, ते आधी रिमॅप करा."

बाबांना विचारलं, तर त्यांनी पेपर खाली केला. "मला मोबाइलचा आवाज कमी करता येत न्हाई, आन् तुझ्या त्या मेनूत मी शिरू व्हय?" ते खरंच होतं. त्यांचा फोन दवाखान्यातसुद्धा बोंबलतो.

मग मी घरी व्हाय-व्हाय केलं. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं. कागद फ्रिजवर लावला. उडी का मारली नाही? बटण बदललं. का बदललं? सेटिंग बदललं. का? सेव्ह झालं नव्हतं? झालं होतं, फोटो आहे. मग आपोआप रीसेट होऊन मूळ सेटिंगवर का गेलं नाही? कारण मूळ सेटिंगही उजव्या अंगठ्याचंच आहे, हे तिसरंच काहीतरी. पाचवी ओळ रिकामी राहिली. तिथे वैशालीने पेन्सिलीने लिहिलं, 'उदबत्ती लावून बघा'.

तिसऱ्या बुधवारी मी सरळ सील केलं. बटणं लावली, फोटो काढला, डबा बंद करून स्टीलच्या टिफिनमध्ये ठेवला, चारी बाजूंनी टेप आणि टेपवर माझी सही. गुरुवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर टिफिन टेबलावर ठेवला. बाबांच्या तिकिटाला दोन दिवस उरले होते. त्यांनी टिफिन उजेडात धरून टेप सावकाश तपासला. "सील बरोबर हाय."

टेप कापला. चालू केलं. उडी वर उजवीकडे, गोळी वर डावीकडे.

वैशालीने डबा हातात घेऊन जरा खेळून बघितला. "अहो, यात उजव्या अंगठ्याला कामच नाहीये."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा सदऱ्याच्या खिशात होता. मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा माणूस मी, राव... आणि हे तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होतं. लाज वाटली मला.

"बाबा, बघता का खेळून?"

"न्हाई जमायचं आता."

"तुमच्यासाठीच लागलीत बटणं. कोणी लावली ते नंतर बघू."

त्यांनी हात खिशातून काढला. तीनदा खड्ड्यात पडले, चौथ्यांदा पार झाले. मी काहीतरी सुचवायला गेलो तर म्हणाले, "मधी बोलू नको. लहानपणीबी असंच करायचास." संध्याकाळी चहा गार झाला, तरी मान वर नाही. शेवटी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "ते तिकीट पुढं ढकलता येतंय का रे? गेममधला हा पूल पार झाल्याबिगर जाता येत न्हाई."

पूल अजून पार झालेला नाही. तिकीट तीनदा पुढे गेलं, मग आम्ही तो विषयच सोडला. त्या दिवसापासून बटणं मात्र एकदाही हललेली नाहीत. विकणाऱ्याला मी फोटोंसकट लिहिलं, त्याचं उत्तर आलं, 'कृपया रीस्टार्ट करा'. वैशालीची पेन्सिल सोडली तर फ्रिजवरची पाचवी ओळ अजून रिकामीच आहे, आणि मी ती कशाने भरणार?

आता मीही त्याच बटणांवर खेळतो, उजवा अंगठा बाजूला ठेवून. फार जड जातं. परवा खेळता खेळता विचारलंच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "बाबा, अंगठा गेल्यावर सगळं परत शिकताना लई त्रास झाला असंल ना?"

ते म्हणाले, "झाला की. तू उडी मार आधी, खड्डा आलाय."