स्पीकरला घातलेली शाल

गोजरबाईच्या आवाजानं एके काळी मोटारी थांबायच्या. दौलताबादला किल्ल्याच्या रस्त्याकडेला ती तीस वर्षं पेरू आणि सीताफळं घेऊन बसली. तिनं हाळी दिली की पुढं निघून गेलेली सहलीची बससुद्धा मागं यायची, असं छावणीच्या मागच्या वस्तीत अजून सांगतात. सांगणाऱ्यांनी थोडं तिखटमीठ लावलं असेल, पण आवाज खणखणीत होता यात शंका नाही.

पुढं गुडघे कुरकुरायला लागले, पाटी सुटली. आवाज मात्र कामावरच राहिला. वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. तो वाचायचा गोजरबाईनं, ही बावीस वर्षांची रीत.

ही रीत एका भांडणातून पडली. पंचेचाळिशीपर्यंत गोजरबाईला अक्षर येत नव्हतं. तेव्हा वाचायचे ते एक गुरुजी. बस गाठायची असली की ते दोन-चार पानं सफाईनं उलटून टाकायचे. कुणाच्या लक्षात येत नसे. गोजरबाईच्या आलं, कारण दरसाल ऐकून ऐकून तिला पुढचं वाक्य आधीच ठाऊक असायचं. भर विहारात ती म्हणाली, "गुरुजी, मधलं पान खाल्लं तुमी."

"मग तुम्हीच वाचा की," गुरुजी रागानं बोलून गेले.

माणसानं बोलावं ते समोर कोण आहे ते बघून. गोजरबाई दुसऱ्या दिवशी साक्षरता वर्गात जाऊन बसली. एकटीला लाज वाटायला नको म्हणून शेजारच्या साळूबाईलाही ओढत नेलं. साळूबाई बाराखडीपर्यंत पोचली आणि मग लेकींच्या बाळंतपणांत अडकली. गोजरबाई अडकणारी नव्हती. सात वर्षांनी ती ग्रंथासमोर बसली, ती आजवर उठली नव्हती.

यंदा मात्र घोटाळा झाला, आणि तो तिचा तिनंच करून घेतला. बुद्धपौर्णिमेच्या आधी आठ दिवस तिनं अष्टशील घेतलं. आठ नियमांच्या या व्रतात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. तिची रक्तदाबाची एक गोळी सकाळची, एक रात्रीची, आणि रात्रीची जेवणानंतर घ्यायची असं डॉक्टरनं बजावलेलं. आता जेवणच नाही तर गोळी कशावर घ्यायची? शिवाय गोळी गिळणं म्हणजेसुद्धा खाणंच की! तिनं रात्रीची गोळीच सोडली. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर सून रागावणार हे तिला पक्कं माहीत होतं. आठव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि सुनेला हाक मारायला गेली तर तोंडातून नुसती घरघर आली.

मुलगा राजकुमार वाळूजच्या कंपनीतून पाळी अर्धवट टाकून धावत आला. लकव्याचा झटका होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यात दहा दिवस काढले. जीव वाचला, डोकं शाबूत राहिलं, उजवा पाय ओढत का होईना ती चालू लागली. तोंड थोडं वाकडं, उजवा हात अधू आणि जीभ जड, एवढं मागं उरलं. विहारातले भन्ते भेटायला आले, त्यांना गोळीची हकीकत कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "औषधाला कुठं मनाई आहे, उपासिका? एकदा विचारायचं तरी!"

हे ऐकून गोजरबाईला रडू कोसळलं. रडू मरणाच्या भीतीचं नव्हतं. वर्षावास दीड महिन्यावर आला होता, आणि तिच्या तोंडून एक ओळ धड निघत नव्हती.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कामाला लागली.

घाटीतल्या एका बाईंनी तोंडाचे व्यायाम शिकवले होते. गाल फुगवायचे, जीभ नाकाकडं न्यायची, नळीनं पाण्यात बुडबुडे काढायचे, मग प, ब, म म्हणायचं. सून रूपानं ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. पहिल्या आठवड्यात फुगवलेल्या गालातली हवा एकाच बाजूनं सुटायची.

"गोजर, तुहं टायर पंचर हाय बाई," साळूबाई हसून हसून खाली बसायची.

गोजरबाईलाही हसू यायचं आणि बुडबुड्यांचं पाणी लुगड्यावर सांडायचं. रूपा दोघींवर ओरडायची, पण तीही हसत असायची. संध्याकाळी ओट्यावर बिनसाखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी, हे तिचं सुख डॉक्टरनं काढून घेतलं नव्हतं. म्हणजे पथ्याच्या यादीत खारीचं नाव नव्हतं, तेव्हा ती चालते असं गोजरबाईनं धरून टाकलं. रूपानं दिवसाला एकच खारी ठरवून दिली होती. दुसरी साळूबाई पदराखाली घेऊन यायची.

खारी संपली की वाचन. आधी शब्द, मग अर्धी ओळ. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती रुमालानं टिपायची आणि पुढचा शब्द. एका पानाला पहिल्यांदा तास लागला. जूनच्या शेवटी पाऊण तास. पूर्वी तेवढ्या वेळात तिची दहा पानं व्हायची.

"आत्या, लोक थांबतील का एवढा वेळ?" रूपानं एकदा भीत भीत विचारलं.

"थां-ब-तील," गोजरबाई म्हणाली. एवढा एक शब्द म्हणायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी विहारात बैठक झाली. विहाराच्या मंडळाचा अध्यक्ष विश्वजीत, शाळेत शिक्षक, स्वभावानं गरीब. माणूस चांगला असला की त्याच्या हातून कधी कधी असा काही वेंधळेपणा होतो की दुष्टालाही सुचू नये. त्यानं गोजरबाईसाठी मुद्दाम खुर्ची ठेवली. तिच्या बावीस वर्षांच्या सेवेवर पाच मिनिटं भाषण केलं. मग शाल काढली.

आपल्याकडं माणसाला शाल कधी घालतात हे गोजरबाईला चांगलं ठाऊक होतं. आता तुमचं झालं, घरी बसा, हे तोंडानं म्हणवत नाही तेव्हा घालतात. शाल खांद्यावर पडली, टाळ्या वाजल्या आणि विश्वजीत पुढं म्हणाला, "यंदापासून ग्रंथाचं वाचन आपण मोबाइलवरून स्पीकरला लावणार आहोत. आवाज सुंदर आहे. मावशींना आता आराम."

गोजरबाई खुर्चीवरून उठली. उजवा हात धड चालत नव्हता, तरी तिनं शाल खांद्यावरून उतरवली आणि डाव्या हातानं तिची घडी घालायला लागली. घडी काही केल्या जमेना. दोघी-तिघी मदतीला उठल्या, त्यांना तिनं डोळ्यांनीच खाली बसवलं. शेवटी कशीबशी घडी झाली तशी ती पाय ओढत कोपऱ्यातल्या काळ्या स्पीकरपाशी गेली आणि शाल त्याच्यावर ठेवली.

"वाचणार ह्यो," ती एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, "तर सत्कार बी ह्याचाच करा."

बायकांत हशा पिकला. विश्वजीत लाल झाला. "मावशी, तसं नाय हो. लोकांना समजलं पाहिजे ना..."

"तीन दिस दे. लोक उठून गेले, तर म्याच बटन दाबीन."

नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तीन दिवस ठरले.

पौर्णिमेला साठेक माणसं आली. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटून झाली आणि गोजरबाईनं ग्रंथ उघडला. आपलं तोंड वाकडं दिसतं, आपल्याकडं सगळे बघताहेत, हे सगळं तिला कळत होतं. तिनं वाचायला घेतलं. लोकांनी पाच मिनिटं मान डोलावली. मग कुणाचा फोन वाजला, कुणाचं लेकरू रडलं, कुणाला पाळी गाठायची होती. पान संपलं तेव्हा विहारात अठरा माणसं होती. समोर साळूबाई मान खाली घालून बसलेली. मांडीवर विहाराच्या कपाटातलं एक पुस्तक उघडं. झोपली वाटतं, गोजरबाईच्या मनात आलं, आणि अठरातली ती एक झोप तिला बेचाळीस जणांच्या उठून जाण्याहून जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी बारा जण आले. त्या दिवशी गोजरबाईनं ठरवलं, आज पळवायचं. तिनं श्वास भरून ओळ गाठली आणि जीभ दुसऱ्याच ओळीला अडखळली. शब्द एकमेकांवर पडले. तीनदा परत मागं जावं लागलं, लाळ पुस्तकाच्या पानावर पडली. मागच्या रांगेतली एक तरुण सून हळूच चपला शोधायला लागली. साळूबाईची मान आजही खाली. मध्येच तिनं वर बघितलं, कपाळाला आठी घातली आणि परत मान खाली केली. घरी जाताना गोजरबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. खारी आली ती तशीच परत धाडली.

"उद्या नका जाऊ आत्या," रूपा म्हणाली. तिला सासूचे हाल बघवत नव्हते.

"जाणार," गोजरबाई म्हणाली. हरायचं असेल तर तिथं बसून हरायचं, घरी बसून नाही.

तिसऱ्या दिवशी सात बायका होत्या, रूपा धरून. विश्वजीत दाराशी उभा होता, हातात स्पीकरची वायर. लावायला आला होता असं नाही, पण हातात होती खरी. गोजरबाईच्या अंगात आज पळवायचं त्राण नव्हतं. ती एकेक शब्द घेऊन चालली. एक शब्द, श्वास, पुढचा शब्द. पाऊण तासानं पान संपलं. तिनं ग्रंथ मिटला आणि डोळेही मिटले. झालं ते झालं.

बायका उठल्या. साळूबाई उठली नाही.

"ऊठ," गोजरबाई तिच्यावर खेकसली. "तीन दिस झोपायलाच आली व्हती ना? घरी झोपायचं!"

"कोण झोपलं?" साळूबाईनं मान वर केली. मांडीवरचं पुस्तक त्याच ग्रंथाची दुसरी प्रत होती, आणि तिचं बोट त्याच पानावर तळाच्या ओळीत टेकलेलं होतं. "म्या बोट फिरवत व्हते. तू म्हणती त्यो शब्द माह्या बोटाखाली येतो का बघत व्हते. येतो की! आज समदं पान आलं."

गोजरबाईनं वाकून त्या बोटाखालची ओळ बघितली.

"बावीस वर्सं तू भराभरा वाचलं, गोजर. लई ग्वाड वाचलं. पण मला अक्षर ओळखू येईस्तोवर तू पार पल्याड गेलेली राहायची. मंग म्या पुस्तक हातात धरायचंच सोडलं." साळूबाई पुस्तकावरून बोट उचलायला तयार नव्हती. "काल तू पळाली, तवा माहं बोट हुकलं. लई राग आला मला. उद्या आजच्यावानीच वाच. पळू नको."

गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला. आनंद झाला होता आणि शरमही वाटत होती. गुरुजी पानं खायचे म्हणून जी भांडली, तिनं आपल्याच मैत्रिणीला बावीस वर्षं ओळीच्या मागं सोडलं होतं. आपल्याबरोबर वर्गात नेलं, आणि पुन्हा वळून बघितलं नाही.

मग तिनं दाराकडं मान वळवली.

"विश्वजीत, कपाटात ह्या ग्रंथाची पुस्तकं किती हायेत?"

"असतील पंचवीसेक, मावशी."

"उद्या समदी भायेर काढ. धूळ पूस. ज्यांना वाचाया येत नाय, त्या बायकांना घरोघर जाऊन सांग. त्यांना म्होरं बसव. एकेकीच्या हातात पुस्तक दे."

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. विश्वजीत वायर गुंडाळत उभा होता, आणि तिचं पुरं होईपर्यंत त्यानं मध्ये तोंड उघडलं नाही.